बाबा गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते

“बाबा गेले तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. हा तर कुत्रा होता. माझं काही बिघडलंय का?”

घरातला प्राणी गेल्यावर समुपदेशनाला येणारी माणसं हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारतातच. पण तो सहसा लगेच बाहेर पडत नाही. झोप लागत नाही, बीपी वाढलंय, कामात लक्ष नाही, असं सांगण्यात पहिली दहा-पंधरा मिनिटं जातात. मग फोन पुढे सरकतो आणि त्यावर फोटो असतो. ज्या ताईंची हकीकत इथे सांगतो आहोत त्यांचंही तसंच झालं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, कुत्र्याचं नावसुद्धा.

ताई 54 वर्षांच्या, पुण्यात राहणाऱ्या, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. बंडू हा गावठी कुत्रा. मुलगी शाळेत असताना सोसायटीच्या गेटजवळून उचलून आणलेला, साडेबारा वर्षं घरात वाढलेला. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. चार महिने औषधं आणि घरच्या घरी कातडीखाली सलाईन देणं चाललं. अखेर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला शेवटचं इंजेक्शन दिलं. त्याला आता सात आठवडे झाले होते. मुलगी नोकरीला बंगळूरला, यजमान कामावर, घरात सासूबाई.

‘छे, काही बिघडलेलं नाही’ असं उत्तर आम्ही पहिल्या भेटीत दिलं नाही. ते खरंच होतं, पण नुसता धीर जिना उतरेपर्यंतच टिकतो. त्याऐवजी त्यांना विचारलं, शेवटच्या वर्षी बाबांची भेट महिन्यातून किती वेळा व्हायची? बाबा साताऱ्याला भावाकडे होते, तीन वर्षं आजारी होते. भेट महिन्यातून एकदा, फोन दोन-तीन दिवसांनी. आणि बंडू दिवसातून किती वेळा भेटायचा? यावर त्या हसल्या आणि लगेच रडल्या. उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत बंडू कुठे कुठे असायचा, ते लिहून आणायला आम्ही सांगितलं.

पुढच्या आठवड्यात त्या 31 नोंदी घेऊन आल्या. पावणेसहाला पट्टा काढला की होणारा आवाज. दूध तापत असताना पोटरीला टेकलेलं अंग. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला एकदाच भुंकणं. पोळ्या करताना शेवटची लहान पोळी त्याची. लिफ्टचं दार उघडलं की आतून नखांचा टकटक आवाज. रात्री पलंगावरून उतरताना पाय त्याच्यावर पडू नये म्हणून अंदाज घेणं. अंधारात पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं दिवसातून 31 वेळा होत होतं. बाबांवरचं प्रेम कमी होतं, असं यातून निघत नाही. बाबांचं जाणं त्यांच्या रोजच्या दिवसाच्या बाहेर घडलं होतं आणि बंडूचं जाणं दिवसाच्या आत.

दुसरा फरक लोकांचा. बाबांच्या वेळी तेरा दिवस घर भरलेलं होतं. पहिल्या दिवशी चूल पेटली नाही, शेजारून पिठलं-भात आला, रोज कुणी ना कुणी समाचाराला आलं, आणि ताईंनी बाबांच्या शेवटच्या दिवसाची हकीकत निदान पन्नास वेळा सांगितली असेल. आपल्याकडचा दुखवटा हेच काम करतो. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावून तिची धार घालवतो. कुत्र्याला सुतक नाही, दहावा नाही, रजेचा अर्ज नाही. ताईंकडे समाचाराला आले ते एकटे रात्रपाळीचे वॉचमन. समाज ज्या दुःखाला जागा देत नाही त्याविषयी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने 1989 मध्ये एक अख्खं पुस्तक संपादित केलं. असं दुःख माणूस लपवतो, लपवल्यामुळे ते लांबतं, आणि लांबलं की त्याची लाज वाटते. ताई बाथरूममध्ये नळ सोडून रडत होत्या.

आणखी एक गैरसमज वाटेत आला. व्हॉट्सअॅपवर त्यांना दुःखाच्या ‘पाच पायऱ्या’ (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) आल्या होत्या, आणि आपण रागाच्या पायरीवर अडकलो की काय, याची त्या रोज तपासणी करत होत्या. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी 1969 मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतं. प्रत्यक्षात मन झोका घेतं. तासभर बरं, मग पुन्हा खड्डा. स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी 1999 मध्ये हेच सांगितलं : गेलेल्याकडे वळणं आणि पुढच्या कामांकडे वळणं ही ये-जा म्हणजेच सावरणं. नुसतं रडत बसलं तरी अडतं, आणि नुसतं कामात बुडवून घेतलं तरी अडतं.

मग त्या 31 नोंदींवर काम सुरू झालं. प्रत्येकीपुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा : ठेवायचं, बदलायचं, थांबवायचं. एका आठवड्यात तीनच नोंदी घ्यायच्या. सगळ्या एकदम हातात घेतल्या की माणूस दोन दिवसांत वही मिटवतो. पावणेसहाचं फिरणं ‘ठेवायचं’, पण पहिले दहा दिवस उलट्या दिशेने, कारण नेहमीच्या रस्त्यावर तीन ओळखीची माणसं ‘बंडू कुठाय?’ विचारणार होती. त्यासाठी एक वाक्य पाठ करून घेतलं : “तो मागच्या महिन्यात गेला. आज त्याबद्दल बोलवत नाही, पुढे कधीतरी बोलू.” वाक्य तयार नसलं की लोक रस्ता टाळतात, मग फिरणं टाळतात, मग घराबाहेर पडणंच. शेवटची पोळी ‘बदलायचं’मध्ये गेली. ती करायचीच, पण संध्याकाळी गेटवरच्या कुत्र्याला. रात्री अंदाज घेऊन पाय टाकणं कशातच बसेना. ते आपोआप सुटेल म्हणून तसंच सोडलं.

रडण्यालाही वेळ नेमून दिली : दुपारी चार ते चार वीस, गजर लावून, फोटो समोर घेऊन. गजर झाला की हाताला लागेल असं काम. ताईंनी मेथी निवडणं घेतलं. दिवसात इतर वेळी भरून आलं तर ‘चारला’ असं मनाशी म्हणायचं. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण आठ-दहा दिवसांत बहुतेकांना फरक जाणवतो, कारण रडणं अचानक गाठेल ही भीती कमी होते. रात्री नऊनंतरची वेळ मात्र ठेवू नये, झोप जाते.

कानात नखांचा आवाज येणं किंवा पायाशी वजन जाणवणं याला ताई फार घाबरल्या होत्या. पहिल्या काही महिन्यांत हे अगदी नेहमीचं आहे. बारा वर्षं मेंदू ज्या आवाजाची वाट बघत आला, तो तो स्वतःच पुरवतो.

इथवरचं काम तसं सोपं. अवघड असतो तो अपराधीपणा, आणि प्राण्यांच्या बाबतीत तो माणसांपेक्षा दाट असतो. कारण साधं आहे. प्राण्याचा प्रत्येक निर्णय आपण घेतलेला असतो : कधी दाखवायचं, किती खर्च करायचा, आणि कित्येकदा शेवट कोणत्या दिवशी करायचा हेसुद्धा. बाबांच्या वेळी निर्णय भावाचे आणि डॉक्टरांचे होते. बंडूच्या संमतीपत्रावर सही ताईंची होती.

‘तुमची काही चूक नव्हती’ हे वाक्य इथे कधी वापरू नये. ऐकणाऱ्याला वाटतं, यांना सगळं माहीत नाही म्हणून असं म्हणतायत. आम्ही आडव्या कागदावर तीन रकाने आखून दिले : काय झालं, त्या दिवशी मला काय माहीत होतं, आज मला काय माहीत आहे. तारखा डॉक्टरांच्या फाईलमधून घ्यायच्या, आठवणीतून नव्हे. अपराधीपणाची सगळी गफलत दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात असते. आजचं ज्ञान माणूस मागच्या तारखेला नेऊन बसवतो.

ताईंच्या कागदावर तीन गाठी निघाल्या.

पहिली : दिवाळीच्या सुमारास बंडू पाणी जास्त प्यायला लागला होता, त्यांना वाटलं ऑक्टोबरचा उकाडा. जानेवारीतल्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की ते वाढतं) 3.4 निघालं, मार्चमध्ये 5.9, एप्रिलअखेर 9.2. ‘दिवाळीत नेलं असतं तर?’ हा प्रश्न आमच्या उत्तराचा नव्हता, डॉक्टरांच्या होता. म्हणून वीस मिनिटांची वेळ मागून, फाईल घेऊन, तीनच लेखी प्रश्न विचारायला त्यांना पाठवलं. हे सगळ्यांनी करावं. बहुतेक पशुवैद्य आनंदाने वेळ देतात. डॉक्टरांनी सांगितलं की कुत्र्याचं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं आणि गेलेलं परत येत नाही. लवकर कळलं असतं तर पथ्याचं खाणं आधी सुरू झालं असतं, कदाचित थोडा काळ जास्त मिळाला असता; आजार बरा झाला नसता. या उत्तरात ‘कदाचित’ आहे, आणि ते पुसलं नाही म्हणूनच ताईंना ते पटलं.

दुसरी गाठ शेवटच्या इंजेक्शनची. औषध गेल्यावर बंडूने दोनदा मोठा श्वास घेतला, पाय हलला, आणि डोळे उघडेच राहिले. ‘त्याला जगायचं होतं, तो माझ्याकडे बघत होता.’ सात आठवडे त्या रोज रात्री हेच बघत होत्या. हे आधी सांगायला हवं होतं आणि घाईत राहून गेलं. फार ठिकाणी राहतं. प्रक्रिया अशी असते : आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून भुलीच्या औषधाची खूप मोठी मात्रा. शुद्ध काही सेकंदांत जाते, त्यानंतर श्वास आणि हृदय थांबतं. त्यानंतरही काही मिनिटं स्नायू फडफडू शकतात, एखाददुसरा आचका येतो, लघवी सुटते. डोळे मिटत नाहीत, कारण पापणी मिटायला स्नायूचं काम लागतं. हे सगळं शुद्ध गेल्यानंतरचं. बंडू बघत नव्हता. ताईंनी हे त्या भेटीत तीनदा सांगायला लावलं, आणि पुढच्या वेळी येताना वहीत लिहून आणलं होतं.

ज्यांच्यापुढे हा निर्णय अजून आहे त्यांच्यासाठी इथेच सांगतो. अॅलिस व्हिलालोबॉस या पशुवैद्यांनी एक मोजपट्टी केली आहे : वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सातही गोष्टींना 0 ते 10 गुण द्यायचे. 70 पैकी 35 च्या वर असेल तर काळजी घेत पुढे जायला हरकत नाही. दर दोन-तीन दिवसांनी, घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि कॅलेंडरवर लिहावेत. निर्णय तरीही डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा. पण नंतर ‘मी घाई केली’ असं वाटलं की तो कागद कामाला येतो.

तिसरी गाठ सगळ्यात लहान आणि सगळ्यात चिवट. शेवटच्या आठवड्यात त्याने पायपुसण्यावर लघवी केली तेव्हा ताई त्याच्यावर ओरडल्या होत्या. इथे दुसरा रकाना मदतीला येत नाही. आजारी आहे हे माहीत होतं. मग मोजणी करून घेतली. चार महिन्यांत रात्री किती वेळा उठलात? रोज तीनदा, म्हणजे साडेतीनशेच्या वर. ओरडलात किती वेळा? एकदा, फार तर दोनदा. चौथ्या भेटीत याच धाग्यातून खरं ते बाहेर आलं : तो गेला त्या रात्री त्या सलग सात तास झोपल्या आणि सकाळी हलकं वाटलं. आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याचीच ती शिक्षा चालू होती. दीर्घ शुश्रूषेनंतर सुटका वाटते, मग ती कुत्र्याची असो वा आईची. सुटका आजारपणापासून वाटते. तरी हे वाक्य आमच्याकडून जाण्यापेक्षा त्यांच्या तोंडून यावं म्हणून आम्ही ती अख्खी भेट थांबलो.

कधीकधी चूक खरोखर झालेली असते. अंगात कणकण वाटली म्हणून मांजरीला क्रोसिनची गोळी दिलेला एक तरुण आला होता. पॅरासिटामॉल मांजरांना विषासारखं आहे, एक गोळीही जीव घेऊ शकते. तिथे ‘तुला माहीत नव्हतं’ एवढ्याने भागत नाही. चूक एका वाक्यात, ‘पण’ न लावता लिहायची. ज्याच्यापासून लपवली त्याला सांगायची. आणि भरपाईचं एक ठोस काम करायचं. त्याने सोसायटीच्या फलकावर माणसांच्या कोणत्या गोळ्या मांजर-कुत्र्यांना देऊ नयेत त्याची यादी डॉक्टरांकडून तपासून लावली. अपराधीपणा त्याचा गेला नाही, पण आकारात आला.

वस्तूंबाबत घरचे दोन टोकांच्या चुका करतात. ताईंच्या यजमानांनी त्याच संध्याकाळी वाडगा, पट्टा, गादी सगळं पोत्यात भरून खाली दिलं, हिला त्रास नको म्हणून. ताईंना ते लुटल्यासारखं वाटलं. (यजमान रोज ऑफिसातून आल्यावर पंधरा मिनिटं पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहायचे, हे नंतर कळलं. तोही दुखवटाच.) काही घरांत वर्षभर पाण्याचा वाडगा भरला जातो. मधला रस्ता असा : महिनाभर काही टाकायचं नाही, एका खोक्यात ठेवायचं, मग एक वस्तू बाहेर आणि बाकीच्यांचं ठरवायचं. उरलेली औषधं मात्र लगेच डॉक्टरांकडे द्यावीत. दवाखान्याच्या यादीतून फोन नंबर काढायला सांगावं, नाहीतर सहा महिन्यांनी ‘बंडूच्या लसीची तारीख’ असा मेसेज येतो. महापालिकेचा परवाना असेल तर तोही रद्द करावा.

राख घरी होती, मातीच्या लोट्यात, देवघराच्या खाली. यावरून सासूबाईंची कुरबुर. ‘कुत्र्याचं कसलं आलंय सुतक!’ एक संध्याकाळ ठरवायला सांगितली : पाऊण तास, पाच-सहा माणसं, वॉचमनसुद्धा, प्रत्येकाने बंडूचा एक किस्सा सांगायचा, मुलगी व्हिडिओ कॉलवर. सासूबाई दारातच उभ्या होत्या. शेवटी त्याच बोलल्या. माहेरी सर्जा नावाचा बैल गेला तेव्हा वडिलांनी त्याला बांधावर खड्डा खणून, मीठ घालून पुरला आणि दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. पोळ्याला त्या जागी नैवेद्य ठेवायचे. ‘बैलाचं वेगळं’ असं म्हणून त्या आत गेल्या, पण लोट्याबद्दल नंतर बोलल्या नाहीत. राख ताईंना पारिजातकाच्या कुंडीत घालायची होती. इथे एक सावधगिरी : अशी राख क्षारयुक्त असते, कुंडीत सगळी ओतली तर झाड जळतं आणि दुःख दुप्पट होतं. मूठभर राख बादलीभर माती आणि शेणखतात कालवून घालावी, उरलेली वेगळी ठेवावी. ज्यांच्याकडे जमीन आहे आणि पुरायचं आहे त्यांनी खड्डा निदान चार फूट खोल, विहिरीपासून लांब घ्यावा. मुंबईत मालाडला महापालिकेची प्राण्यांसाठी गॅसदाहिनी 2023 मध्ये सुरू झाली. आपल्या गावातली सोय प्राणी आजारी असतानाच विचारून ठेवावी, त्या दिवशी फोन लावायचं भान राहत नाही.

घरात लहान मूल असेल तर ‘त्याला झोपवलं’, ‘तो पळून गेला’ असं सांगू नये. पहिल्याने मूल झोपायला घाबरतं, दुसऱ्याने रोज गेटवर जाऊन बसतं. ‘त्याचं शरीर बंद पडलं, आता तो परत येणार नाही’ एवढं पुरतं. पाच वर्षांखालचं मूल तेच पुन्हा पुन्हा विचारेल, तेच उत्तर तितक्याच शांतपणे द्यावं. दुसरा प्राणी असेल तर त्याच्या खाण्या-फिरण्याच्या वेळा हलवू नयेत. कुत्रा दोन दिवस कमी खातो, ते चालतं. मांजर दोन दिवस अजिबात खात नसेल तर डॉक्टरकडे न्यावं. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं.

दुःख आता हाताबाहेर गेलंय का, हे बघण्याची काही चिन्हं आहेत. मरावंसं वाटणं, दोन आठवडे झोप जवळजवळ नसणं, वजन झपाट्याने उतरणं, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नये. टेली-मानसचा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. लांबलेल्या दुःखाचं निदान करायला जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरण किमान सहा महिने आणि अमेरिकी मनोविकार संघटनेचं प्रौढांसाठी बारा महिने मानतं. हे निकष माणसाच्या मृत्यूसाठी लिहिलेले आहेत, तरी अंदाजाला उपयोगी पडतात. सात आठवड्यांच्या ताई त्यात कुठेच नव्हत्या. जास्त काळजी वाटते ती एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, आणि गेलेल्या नवऱ्याचा वा मुलाचा कुत्रा सांभाळणाऱ्यांची. तिथे एकाच वेळी दोघं गेलेले असतात.

पाचव्या भेटीआधी मुलीचा फोन आला : आईच्या वाढदिवसाला पिल्लू पाठवतेय, सरप्राइज. तिला थांबवलं. असं आणलेलं पिल्लू दिवसभर ‘बंडू असं करायचा नाही’ ऐकतं, आणि दोन-तीन आठवड्यांत परत गेलं की मालकिणीच्या माथी दुसरा अपराध. पिल्लू आणण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून विचारावं : रात्री कोण उठणार, महिन्याचा खर्च किती, येत्या दहा-बारा वर्षांत आपली वयं काय असतील, आणि त्याचं नाव वेगळं ठेवायला आपण तयार आहोत का. आधीचा कुत्रा पार्व्हो या विषाणूच्या आजाराने गेला असेल तर आणखी एक अट : तो विषाणू घरात आणि अंगणात कित्येक महिने टिकतो, म्हणून ब्लीचने फरशी धुतल्यावरही लसीकरण पूर्ण झालेलाच कुत्रा आणावा.

ताईंनी ते प्रश्न घरी नेले. तीन महिन्यांनी फोन केला तेव्हा रडणं आठवड्यातून एक-दोनदावर आलं होतं, चारचा गजर बंद केला होता, आणि फिरायला त्या नेहमीच्याच रस्त्याने जात होत्या. पिल्लाचं विचारलं तर म्हणाल्या, आत्ता नको. बंडूला कुठे ठेवायचं म्हणून बारा वर्षांत दोघं मिळून एक रात्रही बाहेर राहिलो नाही. आधी कोकणात आठ दिवस जाऊन येतो.